वेल्टरवेट सोडण्यापूर्वी

भुसावळ,
मे महिन्याचा पहिला आठवडा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलेस, "सर, वेल्टरमध्येच राहू, की वरच्या गटात जाऊ?" तेव्हा मी उत्तर देण्याचे टाळले, याचा तुला राग आला असेल. परंतु बॉक्सिंगमधला वजनाचा गट बदलण्याचा हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात काढण्यासारखा नाही. शिवाय फोनवरचे बोलणे तू तुझ्या सोयीने लक्षात ठेवतोस, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते जपून ठेव आणि तुझ्या प्रमोटरलाही वाचायला दे.

तुझ्या मागच्या लढतीचे चित्रीकरण मी तीन वेळा पाहिले. पंचांनी तुला विजयी ठरवले, त्यात काही चूक नाही. मात्र पाचव्या फेरीपर्यंत तुझी जी उजवी टाच सतत उचललेली होती, ती सहाव्या फेरीत जमिनीला टेकली आणि शेवटच्या घंटेपर्यंत पुन्हा उठली नाही. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून परत येणारा डावा हात हनुवटीपाशी न थांबता छातीपाशी थांबू लागला. तुझ्यासमोरचा मुलगा जरा हुशार असता, तर सातव्या फेरीत त्याने उजवा ठोसा वरून टाकला असता आणि आज आपण वेगळ्याच विषयावर बोलत असतो. तू म्हणतोस दम कमी पडला. तुझा दम मला ठाऊक आहे; रावेरच्या उन्हात केळीच्या बागेत घड वाहून तो तयार झालेला आहे. कमी पडले ते पाणी.

आता हिशोब मांडू. वेल्टरवेटची मर्यादा 147 पौंड, म्हणजे 66.68 किलो. लढत नसताना तुझे वजन 76 च्या आसपास असते. याचा अर्थ प्रत्येक लढतीपूर्वी तू नऊ किलोंहून अधिक वजन उतरवतोस. त्यातले चार किलो आहार आणि मेहनत यांनी उतरत असतील असे धरले, तरी उरलेले पाच किलो शेवटच्या चार दिवसांत घामावाटे काढलेले पाणी असते. आपल्याकडे ओला कापूस उन्हात वाळवला की काट्यावर हलका भरतो, पण रुई तेवढीच राहते आणि सरकीही तेवढीच राहते. माणसाचे तसे नसते. घामाबरोबर रक्तातले पाणी जाते, रक्त घट्ट होते, तेच काम करायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात आणि स्नायूंतला साखरेचा साठाही रिकामा होतो. वजन झाल्यावर तू बाटल्यांमागून बाटल्या रिचवतोस, त्याने काटा पुन्हा वर जातो, चेहराही भरतो. परंतु पेशींमधले पाणी इतक्या घाईने भरून येत नाही. मेंदूभोवतीच्या द्रवाबाबत तर वैद्यकाचा इशारा असा आहे, की कोरड्या शरीराला बसलेला डोक्यावरचा मार अधिक घातक ठरू शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही हौशी बॉक्सिंग करत होतो तेव्हा मी 67 किलोच्या गटात खेळत असे आणि माझे अंगचे वजन 73 होते. एका स्पर्धेच्या आधी, याच मे महिन्यात, दुपारी तीन वाजता दोन स्वेटरांवर रेनकोट चढवून मी तापीच्या काठाने धावलो. भुसावळचे ऊन मे महिन्यात काय असते ते तुला सांगायला नको. तोंडाला लाळ सुटावी म्हणून चिंचेचे बुटुक चघळायचो आणि हातातल्या रिकाम्या डब्यात थुंकत राहायचो. संध्याकाळपर्यंत थुंकायलाही काही उरले नाही आणि जीभ टाळूला चपलेच्या तळासारखी चिकटली. तरी दोनशे ग्रॅम जास्त भरले, म्हणून डोक्याचे केस काढले. वजन बसले. मग आधाश्यासारखे बर्फाचे पाणी प्यालो आणि रात्रभर पोट धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत समोरच्याचा ठोसा निघताना मला स्वच्छ दिसला, कुठे येणार तेही कळले, पण हात वर आला नाही. त्या वेळच्या माझ्या मार्गदर्शकांनी "तुझ्यात जिद्द नाही" असे सांगितले आणि मी ते दहा वर्षे खरे मानले. त्यांचे नाव मी कधी घेत नाही आणि आजही घेणार नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये लढतीच्या दिवशी सकाळी वजन होते, त्यामुळे पाणी काढायला काही अंगभूत मर्यादा राहते. तरीही सकाळच्या वजनात काय होऊ शकते हे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बाबतीत सगळ्या देशाने पाहिले. एरवी 53 किलोत खेळणारी विनेश फोगाट 50 किलोच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि त्या सकाळी शंभर ग्रॅमने अपात्र ठरली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होते आणि मध्ये चोवीस तासांहून अधिक वेळ मिळतो. ही सवलत बॉक्सरच्या भल्यासाठी आली, पण तिनेच मोह वाढवला: जितके खाली उतरता येईल तितके उतरायचे आणि रिंगमध्ये मोठे होऊन उभे राहायचे. जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या चार प्रमुख संघटनांपैकी आयबीएफ या संघटनेच्या विजेतेपदाच्या लढतीत तर लढतीच्या सकाळी दुसरे वजन होते आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून अधिक भरता येत नाही. वेल्टरसाठी ती सीमा 157 पौंड, म्हणजे 71 किलोंच्या किंचित वर. तू सांगतोस की लढतीच्या सकाळी तू 74 भरतोस. मग ज्या पट्ट्याच्या आशेने तू या गटाला चिकटून राहिला आहेस, त्यातला एक पट्टा तुझ्या आजच्या सवयीने तुला मिळूच शकत नाही, हे तुझ्या प्रमोटरने तुला सांगितले आहे का?

गट केव्हा सोडावा हे काटाच सांगतो, फक्त त्याचे ऐकायची तयारी हवी. फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ याचे आठ गटांतील विजेतेपद सगळ्यांना पाठ असते. पण 1999 साली थायलंडमध्ये फ्लायवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा, आपला पट्टा तो आधी काट्यावर हरला आणि मग तिसऱ्या फेरीत ठोसा खाऊन लढतही हरला, याची आठवण फारसे कोणी काढत नाही. त्यानंतर त्याने मधले दोन गट सोडून 122 पौंडांत उडी घेतली आणि 2001 मध्ये तिथे विजेता झाला. काटा हरला तो दिवस त्याने नशिबावर घातला असता, तर पुढचे सारे घडलेच नसते.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: तू सुपर वेल्टरमध्ये जावेस. मर्यादा 154 पौंड, 69.85 किलो. मात्र वर जाताना नव्वद टक्के मुले जी चूक करतात ती तू करू नकोस. गट बदलायचा ठरला, की ती खायला सुटतात. सकाळी प्रोटीनची पावडर, दुपारी चिकन, रात्री "आता काय, वरचा गट आहे" म्हणून शेवभाजीच्या तेलात बुडवलेली भाकरी, आणि तीन महिन्यांत 76 चे 82 होतात. मग वरच्या गटातही तेच नऊ-दहा किलो उतरवणे नशिबी येते आणि गट बदलूनही काही बदलत नाही. तुला वजन वाढवायचे नाही, कमी उतरवायचे आहे. एरवीचे वजन 74 वर आण, तेही चरबी झडून, सावकाश, तीन-चार महिन्यांत. घरच्या कळण्याच्या भाकरीइतके चांगले अन्न मला तरी ठाऊक नाही. ज्वारीला उडदाची जोड असल्याने ती ताकद धरते. त्यासोबतचा ठेचा आणि मीठ मात्र लढतीच्या आधीच्या पंधरवड्यात आवर. आईला वाईट वाटेल, तिला मी समजावीन.

वर गेल्यावर दोन गोष्टी तुझ्या लक्षात येतील, त्यांतली पहिली हातातच येईल. वेल्टरपर्यंत आठ औंसाचे ग्लोव्हज असतात, त्याच्या वरच्या गटापासून दहा औंसाचे. फरक अवघा सत्तावन्न ग्रॅमचा आहे आणि तो तुला पहिल्या फेरीत जाणवणारही नाही, पण आठव्या फेरीत खांदा सांगेल. शिवाय त्यात गादी जास्त असते. ज्या उजव्या ठोशाने तू वेल्टरमध्ये चार जणांना खाली बसवलेस, तो ठोसा इथे समोरच्याला फक्त थांबवेल. लढत लवकर संपेल या भरवशावर रिंगमध्ये उतरू नकोस. पोटावर काम करायला शीक, कारण त्याचा हिशोब उशिरा पण चोख मिळतो. आणि मोठ्या ग्लोव्हजमागे बचावही सोपा होतो, हे समोरच्यासारखेच तुलाही लागू आहे.

दुसरी गोष्ट मिठीची. क्लिंचमध्ये आतापर्यंत तू समोरच्यावर भार टाकत आलास. आता तुझ्यावर भार टाकला जाईल. जो माणूस एरवी 80 किलोचा आहे त्याने दहा फेऱ्या तुझ्या मानेवर हात टाकून लटकायचे ठरवले, तर तुझे पाय ठोशांनी नव्हे, त्या ओझ्याने जातील. मी 71 किलोत गेलो तेव्हा पहिल्या दोन लढतींत मला अक्षरशः ढकलत नेले होते. तेव्हा मी तालमीत जाऊन महिनाभर पैलवानांशी नुसती गर्दनखेच केली, आणि ते शहाणपणाचे ठरले. तुझ्या गावात तालीम आहे, यात्रेत दंगल होते, गर्दनखेच करायला माणसे हवी तेवढी मिळतील. लाज बाळगू नकोस.

घाई मात्र करू नकोस. युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने 2018 मध्ये हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातले चारही संघटनांचे पट्टे एकत्र केले, पण हेवीवेटचा विजेता अँथनी जोशुआ याच्यासमोर तो उभा राहिला सप्टेंबर 2021 मध्ये. मधल्या काळात हेवीवेटमध्ये तो दोनच लढती लढला आणि त्यातली एक डेरेक चिसोराशी होती, जो त्या दिवशी 116 किलोंचा होता, उसिक 98 किलोंच्या आसपास. सुंदर लढत नव्हती ती. पण मोठा माणूस अंगावर येतो तेव्हा काय करायचे, हे त्याने तिथे शिकून घेतले. तुलाही पहिल्या दोन लढती आठ फेऱ्यांच्याच हव्यात, आणि त्यातला एक प्रतिस्पर्धी असा हवा की जो सतत अंगावर येतो. जपानच्या नाओया इनोउएने बँटमवेटचे चारही पट्टे डिसेंबर 2022 मध्ये आणि त्याच्या वरच्या सुपर बँटम गटाचे चारही डिसेंबर 2023 मध्ये मिळवले, हे उदाहरण तुझा प्रमोटर देईलच. त्याला सांग की इनोउए रोज जन्माला येत नाही.

आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो. वर गेल्यावर वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी फोन करील, पैसे बरे असतील आणि म्हणेल, "एकदाच पुन्हा 147 ला ये." त्या वेळी अमेरिकेचा बॉक्सर रॉय जोन्स ज्युनिअर आठव. मिडलवेटपासून, म्हणजे 160 पौंडांपासून, चढत गेलेला तो माणूस 1 मार्च 2003 रोजी जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा विजेता झाला. एके काळच्या मिडलवेट विजेत्याने असे करण्याची शंभर वर्षांतील ती पहिलीच वेळ होती. त्या दिवशी तो 193 पौंडांचा होता. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा 175 पौंडांच्या गटात उतरला. म्हणजे आठ महिन्यांत आठ किलो, आणि ती चरबी नव्हती, मेहनतीने कमावलेला स्नायू होता. अँटोनियो टार्व्हरविरुद्ध ती लढत तो कशीबशी जिंकला. मे 2004 मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवले, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. वय झाले होते हे खरे, पस्तिशी उलटली होती. तरी माझ्या डोळ्यांना जे दिसले ते असे, की ज्या माणसाला कोणी स्पर्श करू शकत नव्हते तो खाली उतरल्यावर उशिरा हलू लागला.

तू वाद घालशील की मेरी कोम 51 किलोत ऑलिंपिकचे कांस्य जिंकून 2018 मध्ये 48 किलोत उतरून पुन्हा जगज्जेती झाली. बरोबर आहे. पण ती मुळातच त्या खालच्या गटाची होती. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत लहान गट 51 चा होता, म्हणून तिला वर जावे लागले होते. तिचे शरीर तिच्या घरी परतले. तुझे घर 147 नाही.

कागदांबद्दल थोडेच लिहितो. वेल्टरमधले तुझे मानांकन वर सोबत येणार नाही, हे धरून चाल. करारात मधल्या वजनाची अट असेल, वजन न बसल्यास मानधनातून कपात असेल, किंवा वजनानंतर किती भरायचे यावर बंधन असेल, तर सही करण्यापूर्वी ते पान मला पाठव. चार दिवस उशीर झाला म्हणून लढत जात नाही.

येत्या रविवारी पहाटेच्या पॅसेंजरने इकडे ये. उपाशीपोटी ये, आपल्या हॉलमधल्या जुन्या लोखंडी काट्यावर वजन करू; तुझ्या त्या बॅटरीच्या काट्यावर माझा विश्वास नाही. गेल्या वर्षभरातली वजनाची वही आण, लढतींआधीच्या शेवटच्या दहा दिवसांची पाने फाडलेली असतील तर आठवून पुन्हा लिही. दहा औंसाच्या ग्लोव्हजचा एक जोड मी मागवून ठेवला आहे. येताना केळीचे वेफर्स आणू नकोस.

तुझा,
सर