समाजकार्याची पदवी : वर्गात किती, वस्तीत किती

बारावीचा निकाल लागला की बीएसडब्ल्यूबद्दल (बॅचलर ऑफ सोशल वर्क) विचारणारी पत्रं येतात. या वेळी पालकांसोबत शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनीही लिहिलंय, आणि अवघड प्रश्न त्यांचेच आहेत. नावं वगळून, पत्रं थोडी आखडून देत आहोत.

माझ्या मुलीने कॉमर्समधून बारावी केली. आता बीएसडब्ल्यू करायचं म्हणते. समाजसेवा करायला पदवी कशाला लागते? तीन वर्षं शिकवतात तरी काय?
– एक पालक, हडपसर

समाजसेवेला पदवी लागत नाही, हे तुमचं बरोबर आहे. मंडळाचं रक्तदान शिबिर भरवायला किंवा पालखीतल्या वारकऱ्यांना जेवू घालायला पुण्यात कुणी परीक्षा देत नाही. पण नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई रात्री नऊ वाजता समोर येऊन बसली, तर पहिल्या तासात काय विचारायचं, काय विचारायचं नाही, तिला कुठे पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी कोणता कागद तयार ठेवायचा, हे चांगुलपणाने सुचत नाही. ते शिकावं लागतं.

बारावी कोणत्याही शाखेची चालते. तीन वर्षांची सहा सत्रं असतात. नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्ससाठी चौथं वर्ष आहे. पहिल्या वर्षी समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि मानवी वाढ-विकास यांची तोंडओळख होते, शिवाय समाजकार्याचा इतिहास असतो. इतिहास म्हटलं की मुलं कंटाळतात, पण पुण्यात तो पायाखालीच आहे. गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या केंद्रांत लंडनचा टॉयनबी हॉल १८८४ चा, शिकागोचं हल हाउस १८८९ चं. फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ मध्ये. पुढे हिंगण्याला वाढलेल्या विधवांच्या शिक्षणाच्या कामाची सुरुवात महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये केली. या विषयाचं रीतसर शिक्षण देशात सुरू झालं ते मात्र मुंबईत, १९३६ मध्ये, टाटांच्या संस्थेत.

गाभा आहे तो सहा पद्धतींचा : व्यक्ती सहाय्य कार्य (सगळे ‘केसवर्क’च म्हणतात), गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती. पहिल्या तीन पद्धती मुलं आवडीने शिकतात. प्रशासनाला नाक मुरडतात, आणि पुढे नोकरीत पहिल्याच महिन्यात प्रकल्पाचं अंदाजपत्रक, संस्थेची घटना किंवा देणगीची पावती यांपैकी काहीतरी हातात येतं. कायदे भरपूर असतात : कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो २०१२ चा, बालन्याय २०१५ चा, अपंग हक्कांचा २०१६ चा, मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा. कलमं पाठ करून भागत नाही. कोणत्या कायद्यात कुणाच्या दारात जायचं, हे कळणं महत्त्वाचं.

आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं म्हणे. तेव्हा मुलं नेमकं काय करतात? की नुसती हजेरी लावून येतात?
– बारावीची विद्यार्थिनी, मंचर

नुसती हजेरी लावणारीही असतात, पण ती पकडली जातात. कशी, ते पुढे येईलच.

क्षेत्रकार्य, म्हणजे फील्डवर्क, साधारण आठवड्याला १५ तासांचं धरलेलं असतं. सुरुवातीचे काही आठवडे भेटींचे : रुग्णालय, निरीक्षणगृह, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, कुटुंब न्यायालय. मग प्रत्येकाला एक संस्था किंवा वस्ती नेमून देतात. पहिल्या वर्षी बहुधा वस्ती किंवा शाळा, पुढे रुग्णालय, समुपदेशन केंद्र, महिलांसाठीची संस्था. ग्रामीण शिबिर आठ-दहा दिवसांचं असतं. पुण्याच्या मुलांना मुळशी, वेल्हे, आंबेगाव भागात कातकरी, ठाकर किंवा महादेव कोळी वस्त्यांची ओळख बऱ्याचदा तिथेच होते. शेवटी ‘ब्लॉक प्लेसमेंट’ : महिनाभर एका संस्थेत पूर्णवेळ.

वस्तीत पहिलं काम नकाशाचं. नळ कुठे आहेत, पाणी किती वाजता येतं, सार्वजनिक संडासातले किती चालू आणि किती बंद, अंगणवाडी कुठे, दारूचं दुकान कुठे, पोरं कुठल्या कट्ट्यावर बसतात. हे एकट्याने फिरून काढायचं नसतं. बायकांना आणि मुलांना जमिनीवर खडूने काढायला सांगायचं, आपण फक्त विचारायचं. बायकांच्या नकाशात संडास आणि त्या वाटेवरचा बंद पडलेला दिवा हटकून येतो. पुरुषांच्या नकाशात तो दिवा नसतो. मग चपाती आकृती : पोलीस चौकी, नगरसेवक, आशाताई, मंडळ, सावकार यांचे लहानमोठे गोल कागदाचे कापून वस्तीच्या जवळ-लांब ठेवायला सांगायचे. सावकाराचा गोल बँकेपेक्षा मोठा आणि अगदी जवळ ठेवला गेला, की पुढचं अर्धं सर्वेक्षण झाल्यासारखंच.

केसवर्कमध्ये कुटुंबाचा जेनोग्राम काढायला शिकवतात. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचं, मृत व्यक्तीवर फुली, घटस्फोटाला नात्याच्या रेषेवर दोन तिरक्या रेघा, भांडणाच्या नात्याला नागमोडी रेघ. तीन पिढ्या काढायच्या. मुलगा शाळेत जात नाही म्हणून सुरू झालेल्या कामात आजोबा, वडील, काका असे तीन चौकोन दारूने गेलेले दिसतात, तेव्हा प्रश्न शाळेच्या पटावरून घराकडे वळतो.

गटकार्याला आठ ते बारा जण पुरतात. वीस-पंचवीस पोरं गोळा झाली की शिकाऊ विद्यार्थी खूश होतो, आणि तिसऱ्या बैठकीला चारच उरतात. खेळ आणि गाणी यांच्या पलीकडे गटाला स्वतःचा हेतू नसतो, हे त्याचं कारण. दुसरी नेहमीची चूक शेवटाची. सत्र संपतं, परीक्षा येते आणि विद्यार्थी न सांगता यायचा थांबतो. ज्या मुलांना मोठी माणसं सोडून गेलेली असतात, त्यांना हा आणखी एक धक्का. निरोपाची तयारी किमान दोन बैठका आधी सुरू करायची असते.

आता अहवाल, म्हणजे ‘रेकॉर्डिंग’. फील्डवर्कचा खरा कस इथे लागतो. भेट झाल्यावर चोवीस तासांत लिहायचं, नाहीतर आठवणीतलं संभाषण आपल्या सोयीचं होत जातं. ‘महिलेला समुपदेशन केले, तिला बरे वाटले’ हे वाक्य दर वर्षी शेकडो वह्यांत असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. हवं ते असं : ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. आपण काय विचारलं. सासू चहा घेऊन आली तेव्हा ती बोलायची थांबली. जाताना तिने दार अर्धवट लोटलं. हे पाहून मला काय वाटलं, आणि पुढच्या वेळी घराबाहेर भेटता येईल का. नावाऐवजी आद्याक्षरं, पत्ता नाही, फोटो नाही. वही बसमध्ये राहिली तरी कुणाचं नाव फुटता कामा नये.

हे अहवाल घेऊन आठवड्याला पर्यवेक्षक शिक्षकासमोर बसायचं, त्याला ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. गटाने बसतात ती ‘जीसी’ (ग्रुप कॉन्फरन्स). वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या उतरवणारे इथे सापडतात. वस्तीतल्या पाण्याची वेळ बदललेली असते आणि वहीत जुनीच असते.

मी पहिल्या वर्षाला आहे. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत प्लेसमेंट मिळाली आहे. बायका विचारतात, ‘तुम्ही काय देणार?’ मला काही सांगता येत नाही. काय उत्तर द्यायचं?
– विद्यार्थी, सहकारनगर

खरं ते सांगायचं : पैसे नाही, वस्तू नाही, शिकायला आलोय, अमुक महिन्यापर्यंत आठवड्याला दोन दिवस येणार, माहिती काढून देऊ शकतो, सोबत येऊ शकतो. ‘बघू, करू काहीतरी’ हे उत्तर सगळ्यात घातक, कारण त्यातून ऐकणारा वचन घेतो. वस्तीत तुमच्याआधी बरेच जण फॉर्म भरून गेलेत, म्हणून प्रश्न रास्तच आहे.

वेळही तपासा. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका सकाळी आठला बाहेर पडतात आणि दुपारी घरी येतात. तुमचं फील्डवर्क नऊ ते एक असेल, तर तुम्हाला म्हातारी माणसं, लहान मुलं आणि रिकामे पुरुष भेटणार, आणि तुमच्या अहवालातली वस्ती तेवढ्यांचीच दिसणार. पर्यवेक्षकांशी बोलून एक दिवस दुपारी तीननंतरचा मागून घ्या.

वस्तीतल्या अभ्यासिकेत चौदा वर्षांच्या एका मुलीने नातेवाइकाबद्दल वाईट गोष्ट सांगितली आणि म्हणाली, ‘ताई, कुणाला सांगू नका.’ आम्हाला गोपनीयतेचं तत्त्व शिकवलंय. मी गप्प राहू का?
– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, येरवडा

नाही. आजच्या आज बोला.

फेलिक्स बिस्टेक यांनी केसवर्कसाठी मांडलेल्या सात तत्त्वांत गोपनीयता आहे, पण तिला मर्यादा आहे आणि ती वर्गात ठळकपणे सांगितली जायला हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती ज्याला कळते, त्या प्रत्येकावर पॉक्सोच्या कलम १९ ने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देण्याचं बंधन आहे. न दिल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही, आणि ‘मी मॅडमना सांगितलं होतं’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही.

मुलीला सांगा की ही गोष्ट आपल्या दोघींत ठेवता येणार नाही, पण ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन. खोदून प्रश्न विचारू नका. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं की तिलाही त्रास होतो आणि जबाबावरही शंका घेतली जाते. ती जे बोलली ते तिच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. त्याच दिवशी संस्थेतल्या आणि महाविद्यालयातल्या पर्यवेक्षकांना गाठा, त्यांच्यासोबत पोलिसांकडे माहिती द्या. रात्र झाली, कुणी सापडत नाही, तर १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. घरच्यांना जाब विचारायला जाऊ नका, त्या नातेवाइकाशी तर मुळीच बोलू नका. पुरावा आणि मुलगी, दोन्ही धोक्यात येतात. ‘जीसी’त तिची ओळख पटेल असं काही सांगू नका.

तिला पुढचं माहीत असलं तर भीती थोडी कमी होते : जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची महिला अधिकारी घेते, गणवेशात नसते, आणि मुलांना रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

आणि हो, पुढच्या कुठल्याही मुलाशी बोलताना मर्यादा सुरुवातीलाच सांगायची : ‘तुला कुणी इजा करत असेल तर मला ते सांगावं लागेल.’

एका विधवा बाईंचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज परत आला. पुन्हा तहसील कचेरीत जायला सांगतात. हे एजंटचं काम आम्ही का करायचं? आम्ही समाजकार्य शिकतोय ना?
– दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, वारजे

तेच शिकताय. एजंट पैसे घेतो आणि रस्ता स्वतःपाशी ठेवतो. तुम्ही तो रस्ता त्या बाईंना दाखवून द्यायचा.

आधी अर्ज का परत आला ते लेखी मागा. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं. आधार, रेशन कार्ड आणि पासबुक यांवरचं नाव जुळत नाही : एकावर माहेरचं, एकावर सासरचं, एकावर स्पेलिंग वेगळं. किंवा खातं आधारशी जोडलेलं नाही, म्हणून मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. शिवाय राज्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो, तो भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या माणसाकडे नसतो. वय ६५ च्या वर असेल तर अर्ज श्रावणबाळ योजनेत करायचा. या चुकीनेही कागद परत येतात.

उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. महिन्याला होतात १,७५०. मिळणारं अनुदान १,५००. पुण्यात १,७५० रुपयांत खोलीचं भाडंही निघत नाही, तरी माणूस तेवढ्यात जगतो असं प्रमाणपत्र काढावं लागतं. इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्यात ‘काम करू शकणारे’ आणि ‘न करू शकणारे’ अशी विभागणी तुम्ही पहिल्या वर्षी घोकली असेल. तीच विभागणी या फॉर्मच्या रकान्यांत बसली आहे. असे दहा अर्ज भरलेत आणि कोणता कुठे अडला याची नोंद ठेवलीत, तर संशोधनाच्या पेपरचा विषय शोधत फिरावं लागणार नाही. अट बदलावी म्हणून ती आकडेवारी घेऊन निवेदन दिलंत, तर सहावी पद्धत, सामाजिक कृती, तिथेच सुरू होते.

बीएसडब्ल्यूनंतर नोकरी मिळते का? महाविद्यालय कसं निवडायचं?
– पालक, चिंचवड

मिळते, पण मोठी नाही. संस्थांमध्ये क्षेत्र कार्यकर्ता, समुदाय संघटक, बालगृहातली पदं, कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, प्रकल्पांतली कामं. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना सहसा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मागतात. त्यासाठी पुण्यातच १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था आहे. दोन वर्षं नोकरी करून मग एमएसडब्ल्यूला जाणाऱ्यांना वर्गातलं जास्त लवकर उमगतं, असं आमचं मत.

प्रवेश घेण्याआधी कार्यालयात नाही, शिक्षकांना भेटून विचारा : एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, ‘आयसी’ दर आठवड्याला होते का, गेल्या वर्षी प्लेसमेंट कोणत्या संस्थांत होत्या, क्षेत्रकार्यात वेगळं पास व्हावं लागतं का, मुलींना संध्याकाळी वस्तीत जायचं असेल तर सोबतीची काय व्यवस्था. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची अहवालाची वही पाहायला मागा, नावं झाकून. पानांच्या कडेला शिक्षकांची शाई दिसली तर प्रवेश घ्यायला हरकत नाही. नुसत्या सह्याच असतील, तर दुसरं महाविद्यालय पाहा.