वाचकांचे प्रश्न : वाळवलेला आवळा, जांभळाची बी

प्रश्न : रानआवळे उकळून उन्हात वाळवते. ‘क’ जीवनसत्त्व टिकतं का? जांभळाच्या बियांची पूड मधुमेहाच्या गोळीऐवजी चालेल?

उत्तर : थोडंच टिकतं. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. उकळलेलं पाणी ओतलंत की बरंचसं त्याबरोबर गेलं. उरलेलं ऊन आणि हवा कमी करतात. आवळे पाण्यात न बुडवता पाकळ्या सुटेपर्यंतच वाफवा. स्टीलची सुरी वापरा (लोखंडानं फोडी काळ्या पडतात, तांब्यानं जीवनसत्त्वाचा नाश वाढतो). सावलीत कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. फोड लवचीक राहिली तर बुरशी धरेल. तुरटपणा जाणार नाही, तो आवळ्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा.

पूड गोळीऐवजी मुळीच नको. गोळीसोबत घेतल्यास साखर जास्त उतरून घाम, थरथर होऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.