हम्पीचे गोल दगड आले कुठून?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत हम्पीला गेलो होतो. तिथले एकावर एक रचल्यासारखे दगड ज्वालामुखीतून उडून पडले असं गाईड म्हणाला. आमच्याकडे तर सगळा काळाच दगड. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: उडून पडलेले नाहीत, ते जिथल्या तिथेच आहेत. तिथे अखंड ग्रॅनाइट होता, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, त्यात पाणी मुरत गेलं, कोपरे आधी झिजले, भुसभुशीत झालेलं वाहून गेलं आणि मधला टणक गाभा गोल होऊन उरला.

पण खरी गंमत तो ग्रॅनाइट तयार कसा झाला यात आहे. तुमचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, लाव्हा बाहेर येऊन पटकन थंड झाला म्हणून त्यातले कण नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाहीत. हम्पीचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो बाहेर आलाच नव्हता, कित्येक किलोमीटर खोल निवांत थिजला, त्यामुळे स्फटिक मोठे झाले.

त्याहून जुना खडक बघायचा तर बंगळुरूचं लालबाग गाठा. तिथली टेकडी ३०० कोटी वर्षांच्या आसपासच्या करड्या, पट्टेदार नाइसची (खोलवरच्या दाबाने-उष्णतेने बदललेल्या खडकाची) आहे. असे खडक खोलवर पाणी धरून असलेला बेसॉल्ट वितळून झाले, त्यात सोडियम जास्त. पुढे हेच जुनं कवच परत वितळलं तेव्हा पोटॅशियमवाला गुलाबी ग्रॅनाइट आला. बंगळुरूजवळच्या रामनगरचा क्लोजपेट ग्रॅनाइट हम्पीच्याच काळातला, दक्षिणोत्तर जवळपास ४०० किलोमीटर लांब पट्टा आहे तो! त्यात फेल्डस्पार या गुलाबी खनिजाच्या मध्येच काळपट गोळे दिसतात, ते प्रावरणातून (कवचाखालच्या जाड थरातून) वर आलेल्या वितळलेल्या खडकाच्या रसाचे, म्हणजे दोन वेगळे रस एकमेकांत मिसळत होते.

एवढी उष्णता आली कुठून यावर अजून वाद आहे. काहींच्या मते पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली जात होती, काहींच्या मते खोलातून गरम प्रावरणाचा लोट वर आला. मला पहिलं जास्त पटतं, कारण त्या काळपट रसात मॅग्नेशियमसोबत पोटॅशियमही भरपूर आहे, आणि खाली गेलेल्या प्लेटमुळे प्रावरणात आधीच पोटॅशियमची भर पडली असेल तर ते नीट जुळतं. पण तेव्हा पृथ्वी आतून आजच्यापेक्षा बरीच गरम होती, त्यामुळे अगदी आजच्या अँडीजसारखंच (दक्षिण अमेरिकेतल्या या डोंगररांगेखाली आज एक प्लेट जातेय) सगळं चाललं होतं असंही धरू नका.

आणि हो, ग्रॅनाइट तुमच्याही पायाखाली आहे. कोयनेजवळ बोअर घेतला तेव्हा सुमारे ९३० मीटर काळा दगड संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइसच लागला.