पाठीवरचे मस आणि पोटरीवरची जखम

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. उभा जन्म गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेला. त्यांच्या पाठीवर काळपट, खरखरीत मस वाढत चाललेत. शेजारच्या काकू म्हणतात, घोड्याच्या केसानं बांधा, गळून पडतील. मला कॅन्सरची भीती वाटते. बाकी तब्येत ठणठणीत. पोटरीवर काहिलीतला पाक उडून भाजल्याची जुनी खूण आहे, तिथली जखम दिवाळीपासून भरत नाही, एवढंच. फोटो जोडले आहेत.
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : ताई, पाठीची काळजी सोडा. मेणाचा थेंब वरून चिकटवावा तसे दिसणारे हे मस म्हणजे सेबोरिक केराटोसिस. वयानुसार येतात, त्यांचा कॅन्सर होत नाही. सदऱ्याला घासून त्रास झाला तर काढता येतात. घोड्याचा केस आणि चुना मात्र नको. जखम चिघळते, शिवाय तपासायला तुकडाही उरत नाही.

माझा जीव अडकलाय तो तुम्ही जाता जाता लिहिलेल्या पोटरीत. भाजल्याच्या जुन्या व्रणात कित्येक वर्षांनी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. फोटोत जखमेची एक कड जाड, वर आलेली दिसते. ती बोटाला टणक लागते का? धक्का लागला की रक्त येतं का, वास येतो का? फार दुखत नाही म्हणून गाफील राहू नका. शुगरमुळेही जखम रेंगाळते, पण हा निकाल फोटोवरून लागत नाही. कडेचा तुकडा काढून बायोप्सीच करावी लागते. तेवढ्या जागेला भूल देतात, त्याच दिवशी घरी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे पारावरचं ज्ञान पारावरच राहू द्या. वेळेत सापडला तर तेवढा भाग कापून काढतात, गरज पडल्यास वर त्वचारोपण करतात.

याच आठवड्यात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत न्या. जांघेत गाठ लागते का, तेही तपासून घ्या. तिथंच तळपाय आणि नखंही दाखवा. मेलॅनोमा हा त्वचेचा आणखी एक कॅन्सर; मोबाईलवर फिरणारे त्याचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो, आणि चिखल्या, भेगा म्हणून खपून जातो. नखातली काळी रेघ रुंदावत बाजूच्या कातडीत उतरली असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तोवर जखमेवर हळद किंवा कुठलीही पावडर टाकू नका, कड झाकली जाते. स्वच्छ पट्टी पुरे.