पेशीतला गंधक शोधायचाय म्हणते, पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार,

तासगावजवळच्या तुमच्या गावातून आलेलं पत्र वाचलं. मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात दोन महिने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत राहून आली आणि आता म्हणते, 'जिवंत पेशीत गंधकाचे रेणू दाखवणारे प्रोब, म्हणजे खूण दाखवणारे रेणू, बनवायचेत.' हे नेमकं काय, यातून पोट भरेल का, की सरळ बी.एड.ला घालावं, असं तुम्ही विचारलंय.

गंधक तुम्हाला नवा नाही. द्राक्षावरच्या भुरी रोगावर तुम्ही तोच मारता. एक्स्पोर्टच्या पेटीत ग्रेप गार्डचा कागद ठेवता, त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि घड कुजत नाहीत. आपल्या पेशींतही गंधकाचे रेणू असतात: सिस्टीन, होमोसिस्टीन, ग्लुटाथायोन. सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी खरा, पण शरीर तो स्वतःच किंचित प्रमाणात तयार करतं. तो मेंदूत निरोप्याचं काम करत असावा, असं १९९६ मध्ये दोन जपानी संशोधकांनी मांडलं आणि त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली.

पण जिवंत पेशीतला एवढासा वायू पाहायचा कसा? पेशी फोडली की तो उडून जातो. म्हणून असा रेणू बनवायचा, जो एरवी विझलेला असतो आणि हायड्रोजन सल्फाइड भेटला की उजळतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने असे दोन प्रोब बनवले. रंगद्रव्याला अझाइडचा (तीन नायट्रोजन अणूंचा) गट जोडलेला असतो, तोवर रेणू अंधारात. हायड्रोजन सल्फाइड त्या अझाइडचं अमाइन (एकाच नायट्रोजनचा गट) करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरवी दिसते.

खरी कसोटी इथे आहे. पेशीत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक), म्हणजे हायड्रोजन सल्फाइडच्या मानाने प्रचंड. त्या गर्दीतून प्रोबने नेमका एकालाच ओळखायचं. शिवाय अशा प्रोबना उजळायला बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास लागतो आणि एकदा उजळला की तो परत विझत नाही. त्यामुळे चमक दिसली म्हणून काम झालं असं होत नाही. हायड्रोजन सल्फाइड बनवणारं एन्झाइम औषधाने बंद करून चमक कमी होते का, हे तपासावंच लागतं. ही तपासणी मनापासून करणारा विद्यार्थी मला फार मोलाचा वाटतो.

आता पोटाचं. नुसते प्रोब बनवायची नोकरी आपल्याकडे क्वचितच मिळेल, हे स्पष्ट सांगतो. पण प्रोब बनवताना हात ज्या कामावर बसतो ते काम म्हणजे सेंद्रिय संश्लेषण, म्हणजे कार्बनचे रेणू टप्प्याटप्प्याने बनवणं. रिअॅक्शन लावणं, ती कुठवर आली हे टीएलसीवर बघणं, कॉलम चालवून पदार्थ शुद्ध करणं, एनएमआर वाचून रेणूची रचना ओळखणं. पुण्या-हैदराबादच्या औषधकंपन्यांना आणि त्यांच्यासाठी करारावर संशोधन करणाऱ्यांना हेच हात लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे की तिने एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत (सेंद्रिय रसायनशास्त्रात) करावी. पुढे पीएच.डी. केली तरी बरं, एम.एस्सी.वर थांबून नोकरी धरली तरी दार बंद होत नाही. बी.एड. त्यानंतरही करता येतं, उलटा प्रवास फार अवघड.

त्यासाठी 'जॅम' ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. त्या गुणांवर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला, तर बंगळूरच्या आयआयएससीत आणि पुण्याच्या आयसरमध्ये (दोन्ही विज्ञान संशोधन संस्था) इंटिग्रेटेड पीएच.डी.ला, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र असलेल्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळू शकतो. एम.एस्सी.नंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएच.डी.चा खर्च तुमच्या बागेवर पडणार नाही. मात्र सगळं पुरं होईतो ती अठ्ठावीसच्या आसपास असेल. लग्नाची काळजी तुम्ही लिहिलीत, ती मला समजते. तिचं त्यावर काय म्हणणं आहे, हे पत्रात कुठेच नाही. तिलाच विचारा.

आणखी एक विचारा. हिरव्या चमकणाऱ्या पेशींचे फोटो तिने तुम्हाला दाखवले असतीलच, ते कुणालाही आवडतात. 'त्या दोन महिन्यांत काय फसलं?' असं विचारा. तीनदा कॉलम चालवून हाती चिकट तपकिरी गोळा आला आणि चौथ्यांदा द्रावक बदलून पाहिला, असं ती रंगून सांगू लागली तर तिला अडवू नका. आणि फसलेलं सांगताना ती कंटाळली, तर घाई न करता अजून एखाद्या प्रयोगशाळेत एक उन्हाळा काढू द्या. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती त्यासाठीच असते.

जॅमचा अर्ज साधारण सप्टेंबरात निघतो आणि मुदत ऐन ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत संपते. तिची जातीच्या दाखल्यासारखी कागदपत्रं त्याआधीच काढून ठेवा.