चार दिवसांचे चारशे

प्रश्न : आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात. सासूबाईंच्या वेळेपासून सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळं सोवळ्यात. धुणंभांडी करणारी बाई अकरा वर्षं आहे, महिना तीन हजार. श्रावणात तिच्या मुलाला ताप आला म्हणून चार दिवस आली नाही. मी चारशे रुपये कापले. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी ती पहाटे पाचला आली आणि रात्री दहाला गेली. मी तिला साडेचारशेची साडी दिली, ओटीही भरली. त्यावर सून म्हणाली, "आई, तिचेच पैसे तिला साडी करून दिलेत." तेव्हापासून आरतीत मन लागत नाही. माझी पूजा देवीला पोचली नसेल का? याला काही प्रायश्चित्त असतं का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : देवीला काय पोचलं ते मला कसं कळणार? बाईला चारशे रुपये पोचले नाहीत, एवढं मात्र तुमच्याच पत्रात आहे. सुनेचा हिशेब बरोबर आहे, जरा तिखट आहे इतकंच. (वरचे पन्नास तुमचे, ते तिने धरले नाहीत.)

तुम्हाला बोलायचा मला अधिकार नाही. मी शाळेत नोकरीला होते तेव्हा मुलीला गोवर आला. आठ दिवस रजेवर होते, पगार पुरता मिळाला. त्याच महिन्यात आमच्या बाईच्या दोन खाड्यांचे पैसे मी कापले, कॅलेंडरवर फुल्या मारून! त्या संध्याकाळी माझा सोमवारचा उपासही होता. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

साडी दिली की आपल्या खात्यात पुण्य जमा होतं, पगार दिला की काहीच होत नाही. म्हणून पगार कापताना हात अडखळत नाही आणि ओटी भरताना मात्र आपण भरून येतो. पगार तिचा आहे. साडी तुमची मर्जी. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

'जे का रंजले गांजले' आपल्या भजनी मंडळात दर आठवड्याला होतं. तुकोबांच्या त्याच अभंगात पुढे आहे, 'दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी ॥'. टाळ वाजवताना ही ओळ आपल्याच घरातल्या मोरीपाशी येऊन थांबते, हे लक्षात येत नाही.

आपण अहिल्याबाईंच्या गावचे. विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, चित्रात त्यांच्या हातात शिवलिंग. महेश्वरच्या वाड्यात गेला असाल तर देवघर पाहिलं असेल, सोन्याचा झुला पाहिला असेल. त्याच वाड्यात त्यांची पांढरी, साधी गादी आहे. १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य केलं, आणि रोजची पूजा आटोपली की लोकांची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. देवघरातून उठून गाऱ्हाण्यांपर्यंत जायचं, हा त्यांचा नित्यनेम होता. आपण त्यातलं पहिलं अर्धं उचललं.

प्रायश्चित्त म्हणून सत्यनारायण घालू नका. उद्या बाई आली की चारशे रुपये हातात द्या. पाकीट नको, हळदकुंकू नको. 'तेव्हा कापले ते चुकलं' असं म्हणा, बस. सणाच्या दिवशी पाच ते दहा राबली, त्याचे वेगळे द्या. महिन्यात चार भरपगारी सुट्या ठरवून टाका, म्हणजे तिला दर वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही. पैसे देताना साडीचा विषय काढू नका.

आणखी एक. मुलाचा ताप नंतर उतरला का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तेवढं तिला विचारा.