जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी विषय आला आहे. कोणता कोर्स करू, कोणतं साहित्य वापरू?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की तुमचं सगळं शिक्षण मराठीतून झालं, डी.एड.लाही इंग्रजी नावापुरतंच होतं, आणि यंदा पाचवी ते सातवीचं इंग्रजी तुमच्याकडे आलं. एक ऑनलाइन कोर्सवाले पंधरा हजारांत १२० तासांचं प्रमाणपत्र देताहेत, ते करावं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. निदान या वर्षी तरी नको.

१२० तासांचा आकडा इंग्रजी शिकवण्यासाठीच्या केंब्रिजच्या सेल्टा या प्रमाणपत्रामुळे माहीत झालेला आहे. पण सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, प्रशिक्षक मागे बसून पाहतात आणि नंतर प्रत्येक तासावर चर्चा होते. कोर्सचा जीव तिथे आहे. नुसते व्हिडिओ पाहून आणि प्रश्नमंजूषा सोडवून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात नेमकं तेच नसतं. शिवाय सेल्टा आहे प्रौढांना शिकवण्यासाठी. तुमच्यासमोर अकरा वर्षांची मुलं आहेत, आणि वर्ग तर रोज हाताशी आहे. तो पाहायची सोय करा.

मोबाइल टेबलावर ठेवून एका तासाचं रेकॉर्डिंग करा. घरी ऐकताना कागदावर दोनच रकाने आखा: मी बोलले, मुलं बोलली. मुलांच्या रकान्यात सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं वेगळं मोजा आणि एकेकट्याने स्वतःच्या मनातलं म्हटलेलं वेगळं. मी ज्यांना ज्यांना हे करायला सांगितलं, त्यांना दुसऱ्या प्रकारात फार थोड्या खुणा मिळाल्या. तुमचं पुढचं सगळं प्रशिक्षण त्या रकान्यातल्या खुणा वाढवण्यासाठी आहे असं समजा. मग कुठलं साहित्य घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे आपोआप ठरत जातं.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या पाचवीतल्या मुलांनी चार वर्षं कृतिगीतं म्हटलीत, सूचना ऐकल्यात, रंग, प्राणी, आकडे पाठ केलेत. शब्द आहेत, ते वापरायचं कारण मिळालेलं नाही. इथे मला इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचं काम फार मोलाचं वाटतं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर आणि चेन्नई भागातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा घटक पुढे ठेवायचाच नाही. मुलांना वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी द्यायचं आणि त्यातून कोडं सोडवायला लावायचं. डोकं कोड्यात गुंतलं की भाषा वापरली जाते. परदेशातल्या पुस्तकांतूनही याचा उल्लेख येतो, पण आपल्या डी.एड., बी.एड.वाल्यांच्या कानावर तो क्वचितच पडतो, याची मला खंत आहे.

हे आपल्या वर्गात असं होतं. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि त्यावरून दोन कागद तयार करा. एकावर साताऱ्याच्या गाड्यांच्या वेळा आहेत पण वाईच्या कोऱ्या, दुसऱ्यावर उलट. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. 'व्हेन डज द वाई बस लीव्ह?' 'ॲट नाइन फिफ्टीन.' रकाने भरून झाले की फळ्यावर एक अडचण लिहा: आजीला अकराच्या आत साताऱ्याला पोचायचंय आणि वाटेत वाईला औषध घ्यायचंय, तर ती कोणती गाडी पकडेल? मुलं मराठीत भांडतील, भांडू द्या. उत्तर सांगताना मात्र इंग्रजीत सांगायचं, तोडकंमोडकं चालेल. चूक मध्येच सुधारू नका. लिहून ठेवा आणि तास संपताना त्यातल्या एकदोनच फळ्यावर घ्या.

आता तुमचं स्वतःचं इंग्रजी. उच्चारांची भीती वाटते असं तुम्ही म्हणता. आपला मराठी वळणाचा उच्चार ऐकणाऱ्याला समजतो, त्याची लाज नको. आघात, म्हणजे शब्दातला जोर, चुकीच्या जागी पडला तर मात्र शब्द ओळखू येत नाही. केंब्रिजची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे आणि प्रत्येक शब्दापुढे स्पीकरची खूण आहे. उद्याच्या पाठातले नवे शब्द रात्री तिथे ऐका, मोठ्याने म्हणा. 'व्हेजिटेबल' आपण चार तुकड्यांत म्हणतो, तिथे तो 'व्हेजटबल' असा तीनच तुकड्यांत ऐकू येईल. 'हॉटेल'चा जोर दुसऱ्या अर्ध्यावर आहे हेही ऐकूनच कळतं. सोबत बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे कार्यक्रम स्वयंपाक करताना, प्रवासात लावून ठेवा.

वाचनासाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ उघडा. २०१५पासून चालू आहे, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, मुक्त परवान्याखाली असल्यामुळे छापून वर्गात वाटता येतात. बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात. सहावीच्या मुलांना पहिल्या पातळीची गोष्ट द्यायला कमीपणा मानू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतातच, त्यातली खालच्या इयत्तांची 'माय इंग्लिश बुक'ही चाळा, मुलं कुठून आली ते कळेल. ब्रिटिश कौन्सिलच्या टीचिंग इंग्लिश संकेतस्थळावर पाठ आणि शिक्षकांसाठी लेख आहेत. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स शाळेतून सांगितले जातील तेव्हा होतीलच, त्यांची वेगळी काळजी नको.

पण या सगळ्यापेक्षा मला मोठं वाटतं ते सोबतचे शिक्षक. २०१६ मध्ये राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी तेजस नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात जवळपासच्या शाळांमधल्या शिक्षकांचे गट ठरावीक काळाने भेटायचे. बाहेरचा तज्ज्ञ नाही, आपल्यातलाच एक जण गट चालवणार. एखादी कृती वाचायची, आपसात करून पाहायची, वर्गात घ्यायची आणि पुढच्या भेटीत काय झालं ते सांगायचं. एका पायाभूत प्रशिक्षणात चार दिवस बसून जे होत नाही ते अशा भेटींत होतं, कारण पुढच्या वेळी आपल्याला विचारणारं कुणीतरी असतं. असा गट करायला प्रकल्पाची वाट पाहू नका. शिक्षण परिषदेला केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, सगळे भेटताच. केंद्रप्रमुखांना सांगून शेवटचा अर्धा तास इंग्रजीवाल्यांसाठी मागून घ्या. तिघं जमलात तरी पुरे. रेकॉर्डिंगचे पाच मिनिटांचे तुकडे एकमेकांना ऐकवा.

पुढे दोनतीन वर्षांनी रीतसर शिकावंसं वाटलं तर हैदराबादच्या इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा) विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम बघा, पात्रता आधी नीट तपासा. १९५८ पासून ही संस्था इंग्रजीच्या शिक्षकांना घडवते आहे. एल्टाय या इंग्रजी शिक्षकांच्या भारतीय संघटनेचं सभासदत्वही तेव्हा घेता येईल.

सहावीचा कोणता पाठ पुढच्या आठवड्यात घेणार आहात ते खाली कळवा. त्यावर जोडीने करायची एखादी कृती लिहून पाठवतो.